कललेल्या बाटलीपासून सँत-व्हिक्तुआरपर्यंत

पहिला दिवस : पॅरिस

ओर्से संग्रहालयात शिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. ही इमारत मूळची रेल्वे स्थानकाची. काचेची उंच कमान आणि ते भलंमोठं घड्याळ अजून जागेवर आहे. लेकीला मोने बघायचा होता. तिला म्हटलं, तू हो पुढे, मला आधी एक टेबल बघायचंय.

ते टेबल फ्रेंच चित्रकार पॉल सेझानचं. ‘स्वयंपाकघरातलं टेबल’ या नावाचं चित्र, १८८८ ते १८९० या काळातलं, ६५ बाय ८० सेंटिमीटरचं. फळांनी भरलेली टोपली, चुरगळलेलं पांढरं फडकं, दोरीच्या विणीत बसवलेली आल्याची बरणी, विखुरलेली नासपती. लांबून अगदी घरगुती. जवळ गेलं की एकेक गोष्ट लक्षात यायला लागते. टेबलाची पुढची कड फडक्याच्या डावीकडे एका उंचीवर आहे आणि उजवीकडे निघते ती भलत्याच उंचीवर. बरणीचं तोंड वरून बघितल्यासारखं, तर शेजारची भांडी समोरून बघितल्यासारखी. टोपली टेबलाच्या मागच्या कोपऱ्यावर अशी ठेवलीय की खरोखरच्या टेबलावर ती पडली असती.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवायची, शनिवारी जादा तास घ्यायचे. वस्तुचित्राचे नियम मला झोपेतही म्हणता आले असते. आधी डोळ्याची पातळी ठरवा, भांड्याची मधली रेघ उभी घ्या, लंबवर्तुळाच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवा. आठवीतल्या एका मुलाचा तांब्या नेहमी डावीकडे कलायचा. मी लाल पेन्सिलीने मधली रेघ काढून द्यायचे, पट्टी लावून दाखवायचे. एकदा तो म्हणाला, “बाई, मला असाच दिसतोय.” मी त्याचे गुण कापले. पुढच्या वर्षी तो परीक्षेला बसलाच नाही.

निवृत्त झाल्यावर सेझानची चित्रं नीट बघायला लागले तेव्हा हा मुलगा परत आठवला. ज्याच्या बाटल्या कलतात, ज्याची टेबलं तुटतात, त्याला आधुनिक चित्रकलेचा बाप का म्हणतात? लेक लिऑंला नोकरीला आहे, तिने तिकीट काढून दिलं. माझी अट एकच होती : दक्षिण फ्रान्समधल्या त्याच्या गावाला, एक्सला, सबंध पाच दिवस हवेत.

दुपारी संग्रहालयाच्या कॅफेत कॉफी घेताना लेकीला रझांची गोष्ट सांगितली. सैयद हैदर रझा नागपूरच्या आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँशी पडली. त्याने रझांची चित्रं बघून सांगितलं की तुमच्यात कसब आहे, पण चित्राला बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा. रझा फ्रेंच शिकले आणि १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले. मुंबईतल्या एका चित्रकाराचं आयुष्य त्या एका नावाने वळलं. ‘बांधणी’ हा शब्द मी कलाशिक्षकाची पदविका, ए.टी.डी., करताना शंभरदा लिहिला असेल. त्याचा अर्थ आज त्या टेबलासमोर थोडा कळला.

दुसरा दिवस : एक्स, गावातून

पॅरिसहून वेगवान गाडीने साधारण तीन तास. स्थानक गावापासून बरंच दूर माळावर आहे, तिथून बस. खिडकीतून लालसर माती, ऑलिव्हची झाडं, आणि एका वळणावर अचानक तो डोंगर, सेझानने पुन्हा पुन्हा रंगवलेला सँत-व्हिक्तुआर. लेकीने बोट दाखवलं, तोपर्यंत घरांच्या मागे गेलासुद्धा.

गावातल्या फुटपाथवर पितळेच्या गोल चकत्या बसवल्या आहेत, त्यांवर इंग्रजी ‘सी’ अक्षर. त्या चकत्या धरून चालत गेलं की सेझानचं सगळं आयुष्य पायाखालून जातं. १९ जानेवारी १८३९ ला जन्मला ते घर ऑपेरा रस्त्यावर. तिथून दोन-चार मिनिटांवर कूर मिराबो हा प्लेन वृक्षांचा रुंद रस्ता. त्यावरच्या एका इमारतीवर, वरच्या मजल्याशी, टोप्यांच्या दुकानाची रंगवलेली जुनी अक्षरं अजून पुसट दिसतात. सेझानचे वडील लुई-ओग्यूस्त टोप्या विकायचे. टोपीसाठी सशाची कातडी पुरवणाऱ्यांना उधार देता देता व्यवहार कळला आणि १८४८ मध्ये त्यांनी चक्क बँक काढली. मुलाने वकील व्हावं, निदान बँक सांभाळावी, ही त्यांची इच्छा. मुलगा १८५९ पासून दोन वर्षं कायदा शिकलाही. पण १८६१ मध्ये पॅरिसला गेला, हताश होऊन परत येऊन बँकेत बसला आणि वर्षभरात पुन्हा पॅरिसला पळाला.

शाळेची इमारत बाहेरूनच पाहिली. इथे सेझान, एमिल झोला आणि बाप्तिस्तँ बाई हे तीन मित्र शिकले. झोला वडिलांविना वाढलेला, परगावचा, गरीब. मुलं त्याला छळायची. सेझान त्याच्या बाजूने उभा राहिला आणि स्वतःच मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी झोला त्याच्यासाठी सफरचंदांची टोपली घेऊन आला. ही आठवण म्हातारपणी सेझानने स्वतःच सांगितली. मला ती ऐकल्यापासून त्याचं कुठलंही सफरचंद नुसतं फळ म्हणून बघता येत नाही.

मैत्रीचा पुढचा भाग कटू आहे. १८८६ मध्ये झोलाची कादंबरी आली. तिचा नायक हरलेला चित्रकार, आणि त्यात सेझानची छाया लोकांना स्पष्ट दिसली. पुस्तक मिळाल्याची पोच देणारं त्याचं छोटंसं पत्र हे शेवटचं, त्यानंतर दोघे बोलले नाहीत, असं सगळे मानत आले होते. २०१३ मध्ये मात्र १८८७ सालचं एक पत्र बाहेर आलं, त्यात सेझान झोलाला भेटायला येईन असं लिहितो. म्हणजे दोर एका झटक्यात तुटला नव्हता. मला हे वाचून बरं वाटलं होतं.

संध्याकाळी बुलगाँ रस्त्यावरचं २३ नंबरचं घर. शेवटची वर्षं तो इथे राहिला आणि इथेच गेला. दारावर पाटी आहे. गल्ली अरुंद, खाली दुकानं, वर कोणाची तरी चादर वाळत होती. लेक म्हणाली, “आई, आत काही बघायला नाही का?” नाही. तरी मी पाच मिनिटं उभी राहिले.

तिसरा दिवस : झास द बुफाँ आणि बाजारातली सफरचंदं

वडिलांनी १८५९ मध्ये गावाबाहेर घेतलेला हा वाडा. आज शहर त्याच्या भोवती पसरलंय. मोठा रस्ता, वाहनांचा आवाज. फाटकाच्या आत मात्र चेस्टनटच्या झाडांची रांग, पाण्याचा चौकोनी हौद आणि पिवळट भिंतींचं तीन मजली घर. हौदाकडे बघितल्याबरोबर ओळखीचं वाटलं. इतक्या चित्रांत बघितलाय तो.

दुरुस्तीनंतर हे घर २०२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. मोठ्या दिवाणखान्याच्या भिंतींवर विशीतल्या सेझानने थेट गिलाव्यावर चार ऋतू रंगवले होते. त्यांवर सही केली ‘अँग्र’, त्या काळच्या सगळ्यात मानाच्या चित्रकाराची. वडिलांनी मुलाला भिंती दिल्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. चित्रकार होण्याला विरोध करणाऱ्या माणसाने आपल्या दिवाणखान्याच्या भिंती दिल्या! पुढे घर विकलं गेल्यावर ती चित्रं भिंतींवरून सोडवून नेली. चार ऋतू आता पॅरिसला आहेत. २०२३ मध्ये दुरुस्तीच्या वेळी रंगाच्या थरांखाली आणखी एका भित्तिचित्राचे तुकडे सापडले.

पत्ते खेळणाऱ्यांची प्रसिद्ध चित्रं इथलीच, १८९० ते १८९५ दरम्यानची. मॉडेल म्हणून बसले ते इथल्या शेतावरचे गडी. पाच चित्रं आहेत आणि एकातही जुगाराचा आरडाओरडा नाही. त्यांतल्या तिघांत तर फक्त दोन माणसं, मध्ये बाटली, आणि एक शांतता. कष्टकऱ्यांची चित्रं काढताना त्यांची कीव करायची किंवा त्यांना वीर करायचं, या दोन्ही मोहांपासून तो दूर राहिला.

ओर्तांस फिके १८६९ मध्ये त्याला भेटली, १८७२ मध्ये मुलगा झाला, पण वडिलांच्या भीतीने हे सारं त्याने वर्षानुवर्षं लपवलं. १८७८ मध्ये वडिलांनी त्याचं पत्र फोडलं आणि संशय पक्का झाला. महिन्याची रक्कम कमी केली. लग्न झालं ते १८८६ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील गेले आणि सेझान सत्तेचाळिसाव्या वर्षी श्रीमंत झाला. वडिलांच्या पैशाशिवाय ही चित्रं झाली नसती, हेही म्हटलं पाहिजे. १८९५ मध्ये पॅरिसच्या व्होलार या चित्रविक्रेत्याने त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं तेव्हा तो छप्पन वर्षांचा होता. सलों या पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने त्याला जन्मभरात एकदाच, १८८२ मध्ये, आत घेतलं होतं.

दुपारी ग्राने संग्रहालय. तिथल्या जुन्या संचालकाने शपथच घेतली होती की मी असेपर्यंत सेझानचं एकही चित्र इथे येणार नाही. आणि ती त्याने पाळली. गावाच्या सगळ्यात मोठ्या चित्रकाराची छोटी आठ चित्रं सरकारने १९८४ मध्ये इथे ठेवायला दिली, तोपर्यंत गावाला त्याची तैलचित्रं दुसरीकडे जाऊनच बघावी लागायची. छोटी असली तरी मी दीड तास तिथेच होते.

लेकीला संध्याकाळची गाडी होती. जाण्याआधी तिने कालिसाँची पेटी घेऊन दिली. बदाम आणि मुरवलेल्या खरबुजाची, वरून साखरेचा पातळ थर दिलेली वडी. आपल्याकडच्या बदामवडीपेक्षा मऊ. तिला बसपर्यंत सोडून येताना सकाळच्या बाजारात घेतलेली सफरचंदं पिशवीत होती : चार सफरचंदं आणि दोन नासपती.

खोलीवर आल्यावर टॉवेल चुरगळून टेबलावर टाकला, त्यावर फळं मांडली, शेजारी पाण्याची बाटली ठेवली आणि वहीवर बसले. आधी नेहमीसारखं, एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर लांब धरून. बाटली सरळ आली. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून बाटलीकडे बघितलं, मान वळवून उजवीकडच्या नासपतीकडे बघितलं, थोडं उठून ताटलीत बघितलं. जे जसं दिसलं तसं त्या त्या जागी काढलं. टेबलाची कड जुळेना. डावीकडून आलेली रेघ टॉवेलखाली गेली आणि पलीकडे बोटभर वर निघाली.

तासाभरात एवढं समजलं. परीक्षेतलं वस्तुचित्र हे खुर्चीला बांधलेल्या, एक डोळा मिटलेल्या माणसाचं चित्र आहे. माणूस तसा बघत नाही. तो मान हलवतो, पुढे वाकतो, परत मागे येतो. सेझान तासन् तास एका टेबलासमोर बसायचा आणि त्याचं डोकं वीतभर जरी हललं तरी वस्तू हलायची. ती हालचाल त्याने खोडली नाही. बाटली चुकून कललेली नाही. ती दोन वेळा बघितलेली आहे.

चौथा दिवस : बिबेम्यूसच्या खाणी

एकटीने जायचं म्हणून थोडी धाकधूक होती. खाणींत आधी नाव नोंदवून, वाटाड्याबरोबरच जाता येतं. आम्ही दहा-बारा जण होतो, बहुतेक फ्रेंच, एक जपानी जोडपं. पाइनच्या झाडीतून चालत गेलं की जमीन एकदम कापलेली दिसते.

कोकणात ज्याने चिऱ्याची खाण बघितली आहे त्याला बिबेम्यूस परकी वाटणार नाही. तशाच उभ्या कापलेल्या भिंती, अवजारांचे तिरके ओरखडे, मध्येच सोडून दिलेले ठोकळे, आणि त्यांच्या कपारीत उगवलेली झाडं. रंग मात्र वेगळा. जांभ्याला तांबूस-जांभळट झाक असते. हा दगड हळदीकडे झुकणारा, ऊन पडलं की नारिंगी. एक्समधली कित्येक जुनी घरं याच दगडाची. रोमन काळापासून इथून दगड निघत होता. सेझानच्या वेळेपर्यंत काम थांबून झाडीने खाणी परत घेतल्या होत्या.

१८९५ पासून १९०४ पर्यंत तो इथे येत राहिला. सामान ठेवायला, कधी रात्री राहायला, दगडाची एक खोपटी त्याने भाड्याने घेतली होती. ती अजून आहे. जिथे उभा राहून त्याने चित्रं काढली तिथे त्यांच्या प्रतिकृती लावल्या आहेत, त्यामुळे एकदा चित्राकडे आणि एकदा खडकाकडे बघता येतं. ‘लाल खडक’ नावाचं चित्र पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात आहे. त्यात उजवीकडून एक भलामोठा नारिंगी ठोकळा चित्रात घुसतो आणि बाकीच्या जागेत हिरव्या-निळ्या फटकाऱ्यांची झाडी. तो ठोकळा खरोखर तसाच वर लटकतोय. मी त्याच्याखाली उभी राहिले आणि वर बघितलं तेव्हा आकाश एवढंसं दिसत होतं.

वाटाड्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट पुढे दिवसभर मनात घोळली. खाणीवरून सँत-व्हिक्तुआर दिसतो. पण मध्ये खोल दरी आहे आणि डोंगर बराच लांब आहे. सेझानच्या चित्रात दरी नाही. खाणीच्या कडेला लागून थेट डोंगर उभा राहतो, डोळ्यांना दिसतो त्याहून मोठा. प्रतिकृती आणि समोरचं दृश्य यांत मी तीनदा ताडून बघितलं. अगदी खरं. आमचा अजिंक्यताराही घराच्या खिडकीतून फोटो काढला की एवढासा येतो आणि मनात मात्र निम्मं आकाश व्यापून असतो. ज्या गोष्टीकडे आपण बघतोय ती पुढे येते, बाकीचं मागे राहतं. कॅमेऱ्याला ते कळत नाही.

या खडकांत घडवल्यासारखे ठोकळे इतके आहेत की घनवादाची, म्हणजे क्युबिझमची, मुळं इथे शोधायचा मोह होतो. पण त्यासाठी लेस्ताकचं नाव घ्यायला हवं. मार्सेजवळचं हे समुद्रकाठचं गाव. १८७० च्या युद्धात सक्तीची सैन्यभरती टाळायला सेझान तिथे जाऊन राहिला होता, नंतरही वारंवार गेला. लाल कौलं आणि निळा समुद्र यांची त्याची चित्रं बघून ब्राक हा चित्रकार तिथे गेला आणि १९०८ मध्ये त्याने रंगवलेल्या घरांना टीकाकाराने ‘घन’ म्हटलं. नाव तिथून पडलं.

परतताना गटाबरोबर न जाता तोलोनेच्या रस्त्याने चालत आले. या रस्त्याला आता सेझानचंच नाव आहे. वाटेत झाडीमागे शातो न्वार दिसतो. नाव ‘काळा वाडा’, प्रत्यक्षात पिवळट दगडाचा. इथे त्याने खोली घेतली होती. आई १८९७ मध्ये गेली, १८९९ मध्ये बहिणींबरोबरच्या वाटणीसाठी झास द बुफाँ विकावं लागलं, तेव्हा हाच वाडा विकत मागितला. मालकाने नाही म्हटलं. चाळीस वर्षांचं घर गेल्यावर त्याने बुलगाँ रस्त्यावर भाड्याने जागा घेतली.

दुपारनंतर मिस्ट्राल सुटला. हा उत्तरेकडचा कोरडा वारा, आपल्या वावटळीसारखा गोल फिरणारा नव्हे. एका दिशेने ढकलत राहतो. स्कार्फ उडाला, वहीची पानं फडफडायला लागली. पण आकाश असं धुतलं गेलं की डोंगराची एकेक चीर दिसू लागली. पांढऱ्या-राखी चुनखडीवर सावल्या निळ्या होत्या. खरोखर निळ्या. आजवर मला वाटायचं तो निळा त्याने आपल्या मनाने घातला.

पाचवा दिवस : ले लोव्हचा स्टुडिओ

सकाळी ढग. गावातून ले लोव्हच्या टेकडीकडे चढत जायला अर्धा तास लागला. हाच चढ साठी ओलांडलेला, मधुमेहाने थकलेला माणूस रोज पहाटे चढायचा.

१९०१ च्या अखेरीस त्याने ही जमीन घेतली, पुढच्या वर्षी स्टुडिओ बांधून झाला. वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली. उत्तरेकडे जवळजवळ भिंतभर काच, दक्षिणेला दोन खिडक्या, राखी भिंती. त्याच्या हातचं एकही मूळ चित्र इथे नाही. आहेत त्या वस्तू. प्लॅस्टरचा कामदेव, तीन कवट्या, हिरवट आल्याची बरणी, काळ्या बाटल्या, शिडी, कोट, टोपी, ताटलीत सफरचंदं. परवा ओर्सेत बघितलेल्या भांड्यांची भावंडं इथे फळीवर बसलेली होती, आणि सगळी सरळ! मला तेव्हा घसा दाटून आला. इतकी साधी भांडी. आपल्या फडताळात असतात त्यांहून काही वेगळी नाहीत.

खोलीच्या कोपऱ्यात, काचेच्या कडेला, भिंतीत एक उंच अरुंद फट आहे. स्नान करणाऱ्या स्त्रियांची मोठी चित्रं जिन्यावरून खाली जाईनात, म्हणून कॅनव्हास सरकवायला ठेवलेली. चित्रं आधी, घर नंतर.

तो किती सावकाश काम करायचा याच्या अनेक कथा आहेत. फळं सडायची, फुलं कोमेजायची, म्हणून कागदी फुलं वापरायचा. १८९९ मध्ये पॅरिसला व्होलारचं व्यक्तिचित्र काढताना त्याला ११५ वेळा बसवलं. व्होलार हलला की ओरडायचा, सफरचंद हलतं का? शेवटी चित्र सोडून दिलं आणि म्हणाला, सदऱ्याचा पुढचा भाग बरा झालाय. हातावर दोन ठिपके कोरे राहिले आहेत. ते चुकीच्या रंगाने भरले तर सगळं चित्र पुन्हा तिथून सुरू करावं लागेल, असं त्याचं म्हणणं. एका ठिपक्यावर अख्ख्या चित्राचा भार, याला बांधणी म्हणायचं तर मग कार्तिए-ब्रेसाँ रझांना काय सांगत होता ते कळतं.

हा स्टुडिओ आज आहे तो त्याचा इतिहास जपणाऱ्यांमुळे. सेझाननंतर मार्सेल प्रोव्हाँस या माणसाने तो घेतला, राहिला, पण वरची खोली हलवली नाही. तो १९५१ मध्ये गेल्यावर जागेवर इमारती येणार होत्या. कला-इतिहासकार जॉन रिवॉल्ड आणि लेखक जेम्स लॉर्ड यांनी अमेरिकेत पैसे जमवले; ११४ जणांनी दिले. १९५४ मध्ये तो एक्सच्या विद्यापीठाकडे दिला गेला, पुढे शहराकडे आला.

स्टुडिओतून डोंगर दिसत नाही. त्यासाठी आणखी वर चढायचं. तिथे छोटीशी बाग आहे, चित्रकारांची जागा म्हणतात तिला, आणि डोंगराच्या चित्रांच्या प्रतिकृती ओळीने लावल्या आहेत. मी पोचले तेव्हा डोंगराच्या जागी राखी पडदा होता. बाकावर बसले. साडेअकरा झाले, बारा झाले. कालिसाँ खाल्ले. एक आजोबा कुत्रा घेऊन आले, फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाले आणि हाताने ‘थांबा’ अशी खूण केली.

एकच्या सुमारास डावीकडची उतरण दिसली, मग कडा, मग शिखर. पूर्ण डोंगर दिसायला वीस मिनिटं लागली असतील. वरचा क्रूस ९४६ मीटरवर आहे, सर्वांत उंच टोक १,०११ मीटरचं. १८७५ मध्ये क्रूस उभा राहिला, म्हणजे सेझान बघत होता त्या काळात तो तिथे होताच; त्याने तो चित्रात आणला नाही. तैलरंग आणि जलरंग मिळून ऐंशीच्या वर वेळा त्याने हा डोंगर रंगवला. इथून काढलेल्या शेवटच्या चित्रांत शेत, घर, झाड काही वेगळं सांगता येत नाही. हिरवे, गेरूचे, निळे चौकोनी फटकारे, मध्ये कोरा कॅनव्हास. जवळून नुसते रंग, दोन पावलं मागे सरकलं की हवा, अंतर, वजन. बाह्यरेषा काढून आत रंग भरणं आम्ही शिकवतो. तो रंगाशेजारी रंग ठेवत जायचा आणि आकार त्यांच्या सांध्यावर तयार व्हायचा.

१५ ऑक्टोबर १९०६ ला तो बाहेर चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला. कोसळला, धोब्याच्या गाडीतून त्याला घरी आणलं. दुसऱ्या सकाळी उठून बागेत गेला, माळी व्हालिएचं चित्र पुढे न्यायला, आणि अगदीच गळून परत आला. आठवड्याभरात संपला. ओर्तांस आणि मुलगा पॅरिसहून पोचले तेव्हा उशीर झाला होता. चित्र काढता काढता मरायची शपथ घेतलीय, असं त्याने महिन्याभरापूर्वीच एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला लिहिलं होतं.

सहावा दिवस : नदीकाठी

सकाळी सँ-पिएर दफनभूमीत गेले. कुटुंबाची साधी कबर. शेजारच्या कबरीवर कोणीतरी ताजी शेवंती ठेवली होती. बाजारातलं उरलेलं एक सफरचंद मी सेझानच्या कबरीच्या कडेला ठेवलं.

मग आर्क नदीवर गेले. शेवटच्या उन्हाळ्यात उकाडा असह्य झाला तेव्हा तो घोडागाडीने इथे, त्र्वा सोते पुलाशी, झाडांच्या सावलीत यायचा. नदी म्हणजे आपल्याकडचा मोठा ओढा. एका कमानीचा दगडी पूल, वर वाहनांची ये-जा, खाली प्लेनची पानं तरंगत होती. लहानपणी तो, झोला आणि बाई याच नदीत पोहायचे.

८ सप्टेंबर १९०६ ला त्याने मुलाला इथल्याबद्दल लिहिलं. नदीकाठी विषय वाढत चाललेत. तोच विषय निराळ्या कोनातून बघितला की अभ्यासाला मोठा होतो. मला वाटतं जागा न बदलता मी इथे महिनोन् महिने रमू शकेन, फक्त कधी जरा उजवीकडे, कधी जरा डावीकडे वळून. सदुसष्ट वर्षांचा माणूस, मरणाआधी सहा आठवडे.

हे पत्र मी घरी कागदावर उतरवून आणलं होतं. ते वहीत मागे ठेवलं आणि काठावरच्या दगडावर बसून पूल काढायला घेतला. पहिल्या पानावर सरळ. दुसऱ्या पानासाठी जागा सोडली नाही, नुसतं उजवीकडे वळले; आता पुलाचा निम्माच भाग आला आणि पलीकडची झुडपं मोठी झाली. तिसऱ्या पानासाठी डावीकडे. पाणी जास्त, आकाश नाहीच. कमान काढताना मध्येच पुढे वाकून पाण्यातलं तिचं प्रतिबिंब बघितलं, परत बसले, आणि रेघ ओढली ती डावीकडे कलली.

लेकीचा फोन आला. “आई, गाडी साडेचारची आहे, निघालीस ना?” दोन वाजले होते. निघते म्हटलं.

पट्टी पिशवीत होती. चौथं पान उलटलं आणि आणखी थोडी उजवीकडे वळले.